कचरा खाणीचा, जबाबदारीही खाणीचीच

कॅनडातील क्वेबेक प्रांतात थेटफर्ड माइन्स नावाचे गाव आहे. तिथल्या परिसरात शतकाहून अधिक काळ अ‍ॅस्बेस्टॉस खणले गेले आणि धागे काढून घेतल्यावर उरलेल्या दगडाच्या चुऱ्याचे डोंगर आजही तिथे उभे आहेत. कडाक्याच्या हिवाळ्यात या डोंगरांवरच्या काही फटींतून उबदार हवा बाहेर पडते. संशोधकांनी ती हवा तपासली, तेव्हा तिच्यात कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नव्हताच. आसपासच्या हवेत दहा लाख भागांत चारशेच्या घरात असलेला हा वायू या फटींतल्या हवेत दहा भागांहूनही कमी भरला. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ढिगाऱ्याच्या पोटात हवा शिरत होती, दगडाचा चुरा तिच्यातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवत होता, त्या क्रियेत उष्णता सुटत होती आणि गाळून निघालेली हवा वर जात होती. हे व्हावे म्हणून तिथे कोणी यंत्र बसवले नव्हते की योजना आखली नव्हती.

खाणकचऱ्याच्या या गुणाची चर्चा आता बरीच होते. ती ज्या रीतीने होते, त्यावर माझा आक्षेप आहे. एका बाजूची उत्साही मंडळी म्हणतात की जगभरच्या खाणींनी उपसून टाकलेला दगड हाच हवामानबदलावरचा उतारा आहे; तो वापरा, त्यातून मिळणारी कार्बन क्रेडिट, म्हणजे इतका वायू हवेतून काढला असे सांगणारी विकाऊ प्रमाणपत्रे, विका, सगळ्यांचेच भले होईल. दुसरी बाजू म्हणते, हा खाण कंपन्यांचा नवा बुरखा आहे. डोंगर फोडायचे, नद्या गढूळ करायच्या आणि वर 'आमचा कचरा हवा स्वच्छ करतो' म्हणून मिरवायचे. दोन्ही बाजू एकाच प्रश्नाला कवटाळून बसल्या आहेत: याने जग वाचेल का? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. सांडपाण्यावर प्रक्रिया केल्याने जगातले सगळे समुद्र स्वच्छ होतील का, असे आपण कारखानदाराला विचारत नाही. तुझे सांडपाणी तू साफ कर, एवढेच सांगतो. माझे म्हणणे तसेच आहे. ज्या खाणींतून योग्य जातीचा खडक निघतो, तिथे कचऱ्यात कार्बन डायऑक्साइड जिरवणे ही खाणीच्या परवान्याची अट असावी. त्यातून जे काही जिरेल, ते त्या खाणीच्या स्वतःच्याच उत्सर्जनातून वजा व्हावे. ते दुसऱ्या कोणाला विकण्याची मुभा नसावी.

आधी रसायन पाहू, कारण चर्चेतला निम्मा गोंधळ तिथेच आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा शाळेतला प्रयोग. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातला चुना एकत्र येऊन चुनखडीचे बारीक कण तयार होतात. चुन्याचा गिलावा वर्षानुवर्षे टणक होत जातो, तोही याच कारणाने. पण चुना मिळवण्यासाठी चुनखडी भट्टीत भाजावी लागते आणि भाजताना तेवढाच वायू आधी हवेत सुटलेला असतो. गिलावा करून करून काय करणार, तर तोच वायू परत घेणार. पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून, म्हणजे प्रावरणातून, वर आलेल्या, मॅग्नेशियमने गच्च भरलेल्या अल्ट्रामॅफिक खडकांना ही भट्टी लागलेलीच नसते. ऑलिव्हीन, सर्पेंटाइन, ब्रुसाइट ही त्यांतली मुख्य खनिजे. कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पाणी त्यांना भिडले की मॅग्नेशियम सुटते, वायूशी बांधले जाते आणि कार्बोनेट होऊन बसते. अणुभारांवरून हिशेब मांडला तर टनभर ब्रुसाइट सुमारे पाऊण टन वायू धरू शकते, शुद्ध मॅग्नेशियम ऑलिव्हीन सहाशे किलोहून थोडा अधिक आणि सर्पेंटाइन अर्ध्या टनाहून थोडा कमी. सिलिकेट खडकांचे विदारण, म्हणजे पाण्या-हवेने होणारी त्यांची झीज, हवेतला हा वायू खाते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाक-जोसेफ एबेलमेन यांनी १८४५ मध्येच ओळखले होते. पृथ्वीचे तापमान लाखो वर्षांच्या मापाने आटोक्यात ठेवणारी ही यंत्रणा आहे. आपल्याकडे लाखो वर्षे नाहीत, ही अडचण.

मग खाणीच्या कचऱ्यात असे वेगळे काय आहे? ओमानमध्ये प्रावरणाचा खडक शेकडो किलोमीटर लांबीच्या डोंगररांगांत उघडा पडला आहे. तिथल्या दगडांत कार्बोनेटच्या पांढऱ्या शिरा दिसतात. पीटर केलेमन आणि युर्ग माटर या भूवैज्ञानिकांनी २००८ मध्ये अंदाज मांडला, की हे सगळे डोंगर मिळून वर्षाला १० हजार ते १ लाख टन कार्बन डायऑक्साइड निसर्गतः बांधतात. आता पश्चिम ऑस्ट्रेलियातील माउंट कीथ ही निकेलची खाण घ्या. धातू काढून घेतल्यावर उरलेल्या तिथल्या दळलेल्या दगडावर, म्हणजे गाळावर, झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की खाण चालू असताना हा गाळ आपोआप वर्षाला सुमारे ३९,८०० टन वायू हवेतून खेचत होता. तिकडे शेकडो किलोमीटरची डोंगररांग, इकडे एका खाणीचे गाळाचे तळे, आणि आकडे एकाच पट्टीतले. याचे कारण दळणे. एक मीटर बाजूचा दगडी ठोकळा घेऊन त्याचे दशांश मिलिमीटर बाजूचे कण केले, तर उघडा पृष्ठभाग दहा हजार पटींनी वाढतो. पाणी आणि हवा दगडाला पृष्ठभागावरच भेटतात. निसर्गाला जे दळण दळायला युगे लागतात, ते खाणीत काही तासांत होते. आणि हे दळण निकेलसाठी आधीच होऊन गेलेले आहे. त्याची वीज खर्च झालेली आहे, त्याचा धूर हवेत गेलेला आहे.

हा शेवटचा मुद्दा विरोधकांच्या नजरेतून कायम सुटतो. खनिज कार्बनीकरणाचे, म्हणजे वायू असा दगडात बांधण्याचे, नाव काढले की २००५ चा एक आकडा पुढे येतो. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, त्या वर्षीच्या विशेष अहवालात म्हटले होते, की वीज प्रकल्पाचा धूर अशा पद्धतीने दगडात बांधायचा तर त्या प्रकल्पाला ६० ते १८० टक्के जास्तीची ऊर्जा लागेल आणि दर टन वायूमागे १.६ ते ३.७ टन खडक खणावा लागेल. आकडा बरोबर आहे. पण तो कशाचा आहे? मुद्दाम खडक खणून, आणून, दळून, तापवून, दाबाखाली टाकीत शिजवण्याचा. आधीच खणलेला आणि दळलेला कचरा उघड्यावर नीट पसरून ठेवण्याशी त्याचा संबंध फार थोडा आहे. दोन गोष्टींना एकच नाव पडले म्हणून एकीचा दोष दुसरीच्या माथी मारला जातो.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा, प्रमाणाचा. तो मला मान्य आहे, आणि उत्साही मंडळी तो ज्या सहजतेने बाजूला सारतात ते मला अप्रामाणिक वाटते. या कामाला योग्य असा खाणीचा गाळ जगात वर्षाला चाळीस कोटी टनांच्या आसपास तयार होतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातला कण न् कण झिजून कार्बोनेट झाला असे धरले, तरी सतरा-अठरा कोटी टन वायू बांधला जाईल. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून आपण वर्षाला सोडतो तो कार्बन डायऑक्साइड ३,७०० कोटी टनांच्या घरात आहे. म्हणजे सगळे मनासारखे झाले तरी अर्ध्या टक्क्याहून कमी. प्रत्यक्षात तर मनासारखे काहीच होत नाही. माउंट कीथमध्ये वर्षाला १.१ कोटी टन गाळ पडत होता आणि तो मुख्यतः सर्पेंटाइन होता. कागदावर त्याची ताकद ४० लाख टन वायू धरण्याची. आपोआप बांधला गेला तो ४० हजार टन. शंभरात एक.

पण छेद कोणता घ्यायचा, हे कोणी ठरवले? जगाच्या एकूण उत्सर्जनाला छेद मानले तर कुठलीही एक खाण, एक गिरणी, एक शहरसुद्धा नगण्यच ठरेल आणि मग कोणावरच काही बंधन उरणार नाही. तेच ३९,८०० टन त्या खाणीच्या स्वतःच्या उत्सर्जनाशी ताडून पाहा. ते ११ टक्के भरतात. कोणी बोटही न हलवता अकरा टक्के. आणि गाळाची कागदावरची ताकद घेतली तर ती खाणीच्या सगळ्या उत्सर्जनाच्या दसपटीहून अधिक आहे. म्हणजे त्या ताकदीचा दहावा भाग जरी हाती लागला, तरी खाण स्वतःपुरती फिटंफाट होते. जगाच्या दृष्टीने क्षुल्लक असलेली गोष्ट त्या खाणीच्या दृष्टीने सर्वस्व असू शकते, आणि हिशेब आपण खाणीलाच विचारतो आहोत. हा आकडा लहान आहे, म्हणून ते काम करू नका, असे म्हणणे मला पटत नाही. मात्र आकडा लहान आहे, म्हणून तो विकू नका, हे पटते. जे स्वतःच्या घरापुरते जेमतेम पुरणार आहे, त्याची दुकानदारी कशी करणार?

दुकानदारीचा मुद्दा इथेच सोडवायला हवा, कारण विरोधकांचा खरा राग तिथे आहे आणि तो रास्त आहे. कार्बन क्रेडिटचा आजवरचा अनुभव चांगला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये बूटलेग नावाचा वणवा लागला, तेव्हा ज्या झाडांतला कार्बन कागदोपत्री विकला गेला होता, त्यांतली झाडेही जळाली. दगडातला कार्बन असा जळत नाही. ब्रिटिश कोलंबियातील अ‍ॅटलिनजवळ याच जातीच्या खनिजांचे नैसर्गिक थर हिमयुगानंतरच्या हजारो वर्षांत साचले आणि अजून जागच्या जागी आहेत. उत्साही मंडळी हा टिकाऊपणा दाखवून म्हणतात, की मग विकायला हरकत काय? हरकत अशी, की टिकाऊ माल विकला तरी घेणाऱ्याच्या धुराड्यातून धूर निघतच राहतो. निकेल खाणीने ४० हजार टन बांधले, ते विमान कंपनीला विकले, विमान कंपनीने तेवढा धूर सोडला, आणि खाणीचा स्वतःचा साडेतीन लाख टनांहून अधिक धूर होता तिथेच राहिला. या व्यवहारात हवेला काय मिळाले? शिवाय जी क्रिया आपोआप होतच होती, तिचे पैसे कशाचे? थेटफर्डच्या डोंगरांनी जे आजवर फुकट केले, त्यावर उद्या कोणी पावती फाडू लागला, तर तो व्यवहार विरोधक म्हणतात तसाच आहे आणि त्याला त्याच शब्दांत झोडपले पाहिजे.

पण बाजार वाईट म्हणून तंत्रही टाकाऊ, ही उडी चुकीची आहे. बाजाराआधी कायदाही असतो. इथे मला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडची आठवण होते. साबण, काच आणि कापड यांसाठी सोडा लागे. तो लेब्लांक पद्धतीने मिठापासून केला जाई आणि पहिल्याच पायरीला हायड्रोजन क्लोराइडचे लोट सुटत. कारखान्यांभोवतीची झाडे वठत, पिके करपत, शेजारी खोकत. मालकांनी काय केले? धुराडी उंच बांधली. त्याने वायू आणखी लांबच्या शेतांपर्यंत पोहोचला. १८३६ मध्ये विल्यम गॉसेज यांनी यावर अगदी साधा उपाय काढला. एका पडीक पवनचक्कीच्या मनोऱ्यात त्यांनी झाडझाडोरा भरला, वरून पाणी ठिबकत सोडले आणि खालून वायू आत घेतला. ओल्या काटक्यांच्या अफाट पृष्ठभागावर वायू पाण्यात विरघळून गेला. उपाय स्वस्त होता आणि हाताशी होता. तरी पुढची सत्तावीस वर्षे कित्येक कारखान्यांनी तो नीट वापरला नाही, कारण वापरण्याचे कारणच नव्हते. मग लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने चौकशी केली आणि १८६३ मध्ये अल्कली कायदा झाला. ९५ टक्के वायू पकडलाच पाहिजे, असा त्याचा दंडक होता. रॉबर्ट अँगस स्मिथ हे रसायनशास्त्रज्ञ पहिले निरीक्षक झाले. आम्लवर्षेला पुढे त्यांनीच नाव दिले. कायदा झाल्यावर दंडक पाळता येतो हे बघता बघता सिद्ध झाले. पकडलेल्या आम्लापासून क्लोरीन आणि विरंजक चूर्ण करण्याच्या रीतीही निघाल्या आणि शतकाच्या अखेरीस तर त्या जोडउत्पादनाच्या आधारावरच हे कारखाने तग धरून होते.

या इतिहासाची दुसरी बाजूही लपवता येणार नाही, कारण ती विरोधकांच्या कामाची आहे. पकडलेले आम्ल सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी ओढ्या-नद्यांत सोडले गेले. कारखान्यांच्या गंधकयुक्त कचऱ्याचे ढीग बाजूलाच पडलेले असत. आम्लाचे पाणी त्यांना भिडले की कुजक्या अंड्यांचा वास मारणारा विषारी हायड्रोजन सल्फाइड उठे. हवेतले संकट पाण्यात गेले आणि पाण्यातून पुन्हा हवेत आले. म्हणून १८७४ आणि १८८१ मध्ये कायदा वाढवावा लागला. यावरून कोणी म्हणेल, की बघा, एक दुरुस्ती दुसरी घाण करते. मी म्हणेन, ती घाण दिसली म्हणून कोणी मनोरे पाडून पुन्हा वायू मोकळा सोडला नाही; कायद्याची कक्षा रुंदावली.

खाणकचऱ्याच्या बाबतीत ही दुसरी घाण कोणती, हे आधीच माहीत आहे, आणि हा मुद्दा मला प्रमाणाच्या मुद्द्याहूनही गंभीर वाटतो. अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींतला क्रिसोटाइल हा सर्पेंटाइनचाच तंतुमय प्रकार. त्याचे सूक्ष्म धागे फुप्फुसात गेले तर कर्करोग होतो. वायू जास्त जिरावा म्हणून असा ढीग उकरायचा, उलथायचा, वाऱ्यावर पसरायचा, म्हणजे शेजारच्या माणसांच्या छातीवर हवामानाचा हिशेब चुकता करायचा. हे कुठल्याही आकड्यासाठी क्षम्य नाही. अल्ट्रामॅफिक खडकांत निकेल आणि क्रोमियमही असतात. ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटच्या खाणींतून पाण्यात उतरलेल्या षट्‌संयुजी क्रोमियमने, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाने, काय केले, ते सर्वांसमोर आहे. शिवाय काही गाळात सल्फाइड खनिजे असतात. हवा आणि पाणी लागले की त्यांपासून गंधकाम्ल तयार होते, आणि आम्ल कार्बोनेट विरघळवून बांधलेला वायू पुन्हा मोकळा करते. तिथे हा सगळा खटाटोप उलटा फिरेल. म्हणजे प्रत्येक खाणीचा कचरा या कामाचा नाही. आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या जुन्या ढिगांना तर हात लावण्यापेक्षा ते जिथे आहेत तिथे, जसे आहेत तसे, वरचे कवच न फोडता आपले काम करू देणे बरे.

पण 'हा कचरा धोकादायक आहे' हे कचऱ्याला हात न लावण्याचे कारण कसे होईल? तो धोका कार्बनीकरणाने आणलेला नाही. खाणीने तो आधीच निर्माण केला आहे आणि बहुतेक ठिकाणी तो मातीच्या बांधामागे पातळ चिखलाच्या रूपात साठवला आहे. ब्राझीलमध्ये मारियाना येथे ५ नोव्हेंबर २०१५ रोजी असा बांध फुटला आणि १९ माणसे गेली. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाजिन्योचा बांध फुटला, २७० माणसे गेली. तो गाळ लोहखनिजाचा होता, तो कार्बन बांधणारा नव्हता. पण साठवण्याची रीत तीच होती: दळलेला दगड, भरपूर पाणी आणि वर मातीचा भरवसा. आता कार्बनीकरणाला काय लागते ते पाहा. गाळ पाण्याखाली बुडालेला असेल तर हवा आत शिरत नाही. वायू पाण्यातून अतिशय संथपणे पसरतो. म्हणून पाणी गाळून काढलेला, थराथरांनी रचलेला, हवेशी संपर्क असलेला गाळ हवा. बांध फुटून माणसे मरू नयेत म्हणून अभियंते जो उपाय सुचवतात, तोही हाच. वर कार्बोनेट तयार होताना कणांना एकमेकांशी चिकटवते, ढिगाला कवच येते, धूळ कमी उडते. माणसांची सुरक्षितता आणि वायूचा हिशेब इथे एकाच दिशेला बोट दाखवतात. अशी गाठ क्वचितच पडते, आणि चर्चेतल्या कोणत्याच बाजूला तिच्याबद्दल बोलायला फुरसत नाही याचे मला खरोखर वाईट वाटते.

मोजमापाचा आक्षेप मात्र मला फारसा टिकणारा वाटत नाही. 'किती वायू बांधला गेला हे कोण सांगणार?' असे विचारतात. जंगलापेक्षा किंवा शेतजमिनीपेक्षा इथे सांगणे सोपे आहे, कारण माल एका जागी पडून असतो. ढिगातून नमुने काढायचे, क्ष-किरणांनी त्यांतली खनिजे ओळखायची, कार्बोनेटचे वजन काढायचे. अडचण एकच येते: काही खडकांत कार्बोनेट मुळातच असते. तो जुना कार्बन आणि हवेतून नव्याने आलेला कार्बन वेगळे कसे करायचे? किरणोत्सारी कार्बनने. खडकातला जुना कार्बन कोट्यवधी वर्षांचा, त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. हवेतून आलेल्यात तो असतो. कॅनडातील क्लिंटन क्रीक आणि कॅसियर या बंद पडलेल्या अ‍ॅस्बेस्टॉस खाणींच्या कचऱ्यावर समस्थानिकांची अशी परीक्षा झालेली आहे. निरीक्षकाला आणखी काय हवे?

राहिला वेग. शंभरात एक भाग आपोआप बांधला जातो, तर उरलेल्याचे काय? इथे शेतीतला एक शब्द मला नेमका वाटतो: वाफसा. जमीन चिखल झालेली नाही आणि खडखडीतही नाही, कणांच्या भोवती ओल आहे आणि मधल्या पोकळ्यांत हवा आहे, ती अवस्था. गाळात कार्बनीकरण उत्तम चालते ते याच अवस्थेत. पाणी अजिबात नसेल तर क्रिया थांबते, पाणी भरून राहिले तर वायूची वाट बंद होते. ब्रुसाइट भराभर झिजते, सर्पेंटाइन हट्टी असते. वरच्या काही सेंटीमीटरमधले चटकन झिजणारे खनिज संपले आणि वर कवच धरले, की खालच्या ताज्या कणांना हवा मिळत नाही. उपाय काय? नांगरट. थर उलटेपालटे करायचे, खालचे वर आणायचे, पाण्याची पाळी सांभाळायची, नवा गाळ एकाच जागी जाड न ओतता रुंद क्षेत्रावर पातळ पसरायचा. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील ग्रेग डिपल यांच्यासारखे संशोधक याच दिशेने वर्षानुवर्षे काम करत आले आहेत. यांत नवे अवजारही फारसे लागत नाही. लागते ती गाळ कुठे, किती जाड, कोणत्या क्रमाने टाकायचा हे खाण सुरू होण्याआधी ठरवण्याची सक्ती, कारण एकदा शंभर मीटर उंच ढीग रचून झाला की त्याच्या पोटात हवा घालणे महाग पडते. बाजार ही सक्ती करणार नाही. क्रेडिटचा भाव उतरला की नांगरट बंद पडेल. परवान्याची अट भावावर हलत नाही.

एक रेघ मात्र ठळक आखली पाहिजे. मी बोलतो आहे ते धातूसाठी, हिऱ्यासाठी अन्यथाही निघालेल्या कचऱ्याबद्दल. वायू जिरवायचा म्हणून नवे डोंगर फोडायला काढणे हा वेगळा प्रस्ताव आहे. त्याला लागणारी ऊर्जा, जमीन आणि त्याखाली येणारी माणसे यांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. आणि 'आमचा कचरा कार्बन खातो, म्हणून ही नवी खाण मंजूर करा' हा युक्तिवाद तर कानाआड केला पाहिजे. खाण हवी की नको, हे धातूच्या गरजेवर आणि तिथल्या लोकांच्या संमतीवर ठरावे. विजेच्या गाड्यांना निकेल लागणार असेल तर ते कुठून तरी निघेल. माउंट कीथसारख्या ठिकाणी टनभर धातुकात निकेल असते पाच-सहा किलो, बाकी सगळा कचरा. खाणी तर चालूच राहणार आहेत. त्या चालू असताना या कचऱ्याकडून काम करून घ्यायचे नाही, असे ठरवून आपण नेमके कोणाला शिक्षा करतो?

माउंट कीथचे पुढे काय झाले, ते या वादातल्या दोन्ही बाजूंनी पाहावे. इंडोनेशियातून स्वस्त निकेलचा पूर आला, भाव कोसळले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मालक कंपनीने आपल्या पश्चिम ऑस्ट्रेलियातील निकेल खाणींचे काम स्थगित केले. पुढे काय करायचे याचा आढावा फेब्रुवारी २०२७ पर्यंत घेऊ, असे तिने २०२४ मध्ये जाहीर केले होते. खाण चालू असताना तळ्यावर ताज्या गाळाचे थर येत राहत आणि प्रत्येक थर हवेला थोडा वेळ भिडत असे. ते ३९,८०० टन त्या रहाटगाडग्याचे होते. खाण थांबली की नवा थर येत नाही. ताकद शिल्लक आहे, नव्व्याण्णव टक्के शिल्लक आहे, पण ती कवचाखाली आहे. ते कवच फोडायला नांगर, पाणी आणि काही माणसांचा पगार लागेल, आणि धातू निघत नसताना हा खर्च कंपनी कोणत्या खात्यावर टाकेल? क्रेडिटच्या खात्यावर टाकायचा, तर तेही भावावर अवलंबून, आणि निकेलचा भाव कोसळल्यानेच खाण थांबली आहे. खाण बंद करतानाच्या देण्यांच्या यादीत, विहिरी बुजवणे, उतार सपाट करणे, झाडे लावणे यांच्या ओळीत ही नांगरटही लिहिलेली असती, तिच्यासाठीची अनामत पहिला टन खणण्याआधी सरकारजमा झालेली असती, तर आज हा प्रश्न विचारावाच लागला नसता.